यंत्रांच्या संगतीत : लक्ष्मणराव किर्लोस्कर

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी एखाद्या थोर महाराष्ट्रीयाचे चरित्र लिहून द्यावे, अशी संपादकांची आज्ञा झाली, तेव्हा लखनौकर मराठी माणसाच्या मनात प्रथम जे नाव यावयाचे तेच आमच्याही मनात आले. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नांनी १९२६ साली येथे मॅरिस कॉलेज उभे राहिले. परंतु त्यांच्याविषयी लिहिण्यास आपल्यात अधिक अधिकारी मंडळी आहेत, आणि गाण्याचा कान आम्हांस नाही. हात मात्र थोडेफार तेलाने काळे झालेले आहेत. म्हणून आम्ही लक्ष्मणराव किर्लोस्करांचे चरित्र निवडले.

त्यास एक घरगुती निमित्तही आहे. आमच्या घरामागील पत्र्याच्या शेडमध्ये एक जुना लेथ आहे. कानपुरातील मोडीत निघालेल्या एका कारखान्यातून तो आम्ही भंगाराच्या भावाने, वजनावर, विकत घेतला. रंगाचे तीन थर खरवडल्यावर खाली अक्षरे दिसली : किर्लोस्कर, हरिहर. शेजारी एक व्हाइस, ज्याला येथील मिस्त्री बाँक म्हणतात, कुरुंदाचे एक चाक, कानशी, पाने आणि हातोड्या एवढाच आमचा संसार. पाहुणे येतात, साहेब हे काय करतात म्हणून सौम्य कीव करतात आणि चहाला आत वळतात. पांढरपेशा मराठी घरात कानस हाती धरणे हे अजूनही थोडे कमीपणाचे समजले जाते. आमच्या वडिलांनाही ते तसेच वाटे. मग दीडशे वर्षांपूर्वीच्या वेदान्ती ब्राह्मणाच्या घरात काय वाटले असेल, याची कल्पना करावी.

त्या घरात, बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी, २० जून १८६९ रोजी लक्ष्मणरावांचा जन्म झाला. वडील काशिनाथपंत हे व्यासंगी गृहस्थ. मुलाचे लक्ष मात्र शाळेच्या पुस्तकांत नव्हते, चित्रे आणि यंत्रे या दोनच गोष्टींत होते. वडिलांच्या मनाविरुद्ध, पण थोरले बंधू रामूअण्णा यांच्या आधाराने, ते १८८५ साली मुंबईस जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. दोन वर्षांनी असे ध्यानात आले की त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. चित्रकार होऊ पाहणाऱ्या तरुणावर याहून मोठा आघात तो कोणता? पण यंत्रांच्या रेखाटनाला रंग लागत नाहीत. तेथे रेषा सरळ हवी आणि माप चोख हवे. लक्ष्मणराव तिकडे वळले आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यंत्ररेखाटनाचे शिक्षक झाले.

त्यांचे खरे शिक्षण येथे झाले, असे आमचे मत आहे. शिक्षकाने फळ्यापाशी असावे, वर्कशॉप हे कामगारांचे, असा तेव्हाचा रिवाज. लक्ष्मणराव मात्र तास संपले की वर्कशॉपात असत. यंत्रे चालवावी, बिघडली तर दुरुस्त करावी, आणि परदेशी यांत्रिक मासिके वाचून उरलेले समजून घ्यावे, असा त्यांचा क्रम होता. इंजिनियरिंगची पदवी त्यांच्याजवळ कधीच नव्हती.

याच काळात सायकल हे नवे वाहन मुंबईत दिसू लागले. लक्ष्मणराव मुंबईत सायकली खरेदी करीत आणि बेळगावी रामूअण्णांकडे पाठवीत. रामूअण्णा त्या विकत आणि चालवावयासही शिकवीत. १८८८ हे किर्लोस्कर बंधूंच्या पेढीचे स्थापनावर्ष मानले जाते. सायकल विकली की तिची दुरुस्ती आलीच, दुरुस्ती आली की हत्यारे आली, आणि हत्यारे असली की स्वतः काही घडवून पाहावे असे वाटतेच. मराठी मुलखातील एका मोठ्या उद्योगाचे मूळ असे दुरुस्तीच्या दुकानात आहे. जो दुसऱ्याचे यंत्र उघडतो, त्याला ते घडविणारा कोठे चुकला हेही कळते. घडविणाऱ्याला ते पुष्कळदा कळत नाही.

इन्स्टिट्यूटमध्ये बढतीची वेळ आली, तेव्हा त्यांना डावलून ती एका अँग्लो-इंडियन गृहस्थास मिळाली. आमच्या वाचकांपैकी निम्मे तरी सरकारी नोकरीतील आहेत. डावलले जाणे म्हणजे काय, हे त्यांना सांगावयास नको. आम्हांवरही एकदा तसा प्रसंग आला होता. आम्ही तीन पानी निवेदन टाइप करून वरिष्ठांकडे पाठविले, त्याची पोच घेतली आणि दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे दहाला कचेरीत हजर झालो. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावास परतले.

बेळगावच्या छोट्या कारखान्यात प्रथम कडबा कापण्याचे यंत्र तयार झाले, आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर. या नांगराविषयी थोडे सविस्तर लिहिणे प्राप्त आहे. लाकडी नांगर जमीन वरवर उकरतो. काळ्या जमिनीत खोल गेलेली हरळी आणि कुंदा यांच्या मुळांपर्यंत तो पोचत नाही. लोखंडी नांगर खोल जातो आणि माती उलटी करतो. विलायती नांगर बाजारात होते, पण महाग. नुसती नक्कल करावी तर अडचण फाळाची. बिडाचा फाळ मऊ असला तर लवकर झिजतो, सगळाच कठीण केला तर दगडावर आपटून तुटतो. यावर उपाय असा की, वाळूच्या साच्यात जेथे फाळाची धार यावयाची, तेथे लोखंडाचा तुकडा बसवावयाचा. तप्त रस त्याला लागताच एकदम थंड होतो आणि तेवढाच भाग कठीण बनतो, मागचा भाग सावकाश निवतो आणि धक्का सोसतो. वाचावयास हे सोपे आहे. रसाचे तापमान, वाळूचा ओलावा, बिडाची जात, यांतील एक जरी बिघडले तरी सारा घाणा फुकट जातो. असे किती घाणे पुन्हा भट्टीत गेले असतील, ते त्या भट्टीलाच ठाऊक.

नांगर झाला, पण गिऱ्हाईक होईना. लोखंडाने जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिले नांगर खपावयास दोन वर्षे लागली. त्या शेतकऱ्यास हसू नये, असे आम्हांस वाटते. ज्याचे सारे जीवित एका खरिपावर अवलंबून, त्याने अनोळखी धातूला भ्यावे यात नवल ते काय!

कारखाना जरा स्थिरावतो तोच बेळगावच्या नगरपालिकेने नव्या वस्तीसाठी ती जागा रिकामी करण्यास सांगितले. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानात कुंडल रोड स्टेशनाजवळ ३२ एकर जमीन आणि दहा हजार रुपये बिनव्याजी देऊ केले. राजेसाहेब स्वतः चित्रकार होते. एका चित्रकाराने चित्रकला सोडावी लागलेल्या दुसऱ्याला आधार द्यावा, हा योग आम्हांस मोठा हृद्य वाटतो. मार्च १९१० मध्ये किर्लोस्कर मंडळी त्या माळावर उतरली. निवडुंग, सर्प आणि पाण्याची वाण, एवढेच तेथे विपुल होते. यंत्रे सांभाळणारे शंभूराव जांभेकर, हिशेब पाहणारे मंगेशराव रेगे, विक्रीची बाजू उचलणारे के. के. कुलकर्णी, शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर, अशी माणसे भोवती होती. रात्रीच्या राखणीला शिक्षा भोगून आलेले तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग यांना नेमले होते. जगाने टाकून दिलेल्या वस्तूंप्रमाणेच टाकून दिलेली माणसेही उपयोगी असू शकतात, हे लक्ष्मणरावांनी प्रत्यक्ष करून दाखविले. त्या स्टेशनाचे नाव आज किर्लोस्करवाडी आहे.

पहिल्या महायुद्धात कोळसा, कच्चे लोखंड, रंग, सर्वांचाच दुष्काळ पडला. तेव्हा लाकडी कोळशावर आणि भंगारावर काम रेटले गेले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा ओतकामासाठी दिल्या आणि त्यांचे नांगर झाले, अशी हकीकत सांगितली जाते. पुढील विस्तार सर्वांस ठाऊकच आहे : १९२६ साली पंप, १९४१ साली म्हैसूर संस्थानातील हरिहर येथे लेथ, १९४६ साली पुण्यास तेलइंजिने. पुत्र शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूटमधून शिकून आले आणि त्यांनी धुरा उचलली. पुतणे शंकरराव यांनी १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ काढली, मग ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’. आमच्या आईला दूरदेशी मराठी वाचावयास मिळे ते पोस्टाने येणाऱ्या ‘स्त्री’तूनच. ते मासिक मुळात नांगर ओतणाऱ्या माळावर जन्मले, हे तिला अखेरपर्यंत ठाऊक नव्हते.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी निवर्तले. त्यांच्या जन्मशताब्दीस, १९६९ साली, भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले. लखनौच्या लाटूश रोडवर पंपांच्या दुकानांतून आजही त्यांचे आडनाव दिसते. त्याचा उच्चार मात्र येथे निरनिराळ्या प्रकारे होतो.

आता आमच्या लेथाकडे येतो. हरिहरचा तो कारखाना पुढे बंद पडला, त्यामुळे सुटे भाग दुर्मिळ झाले. मध्यंतरी आमची दोन वर्षे बाहेरगावी बदली झाली. जाताना तेल लावून गोणपाट घालावयाचे आम्हीच विसरलो. परत आलो तो लखनौच्या पावसाने आणि पौषातील धुक्याने तो तांबडा करून ठेवला होता. गंज घासून काढण्यात एक हिवाळा गेला. एक दातेरी चाक तर फुटलेच होते. रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेल्या एका वृद्ध मिस्त्रींनी सांगितल्यावरून आम्ही त्याचा लाकडी फर्मा केला, थंड होताना बीड आकसते म्हणून शंभरात एक भाग मोठा. पहिले ओतकाम पोकळ निघाले, वाळू ओली होती. दुसरे बरे साधले. दाते दुसऱ्याच्या मिलिंग यंत्रावर पाडून घेतले. चाक बसले आहे. थोडा आवाज करते, पण चालते.

चार वर्षांनी आम्ही निवृत्त होऊ. पुण्यास जावे असा घरच्यांचा आग्रह आहे. सामान हलविणाऱ्याने लेथाचे वजन ऐकून जो आकडा सांगितला, त्यात नवा यावा. आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे, तो मिस्त्रींच्या नातवाला द्यावा, तो पोरगा रविवारी येतो आणि न सांगता तेल घालतो. आम्ही अद्याप काही ठरविलेले नाही.