मेंदूचा चित्रकार

मेंदूविज्ञानाचा जनक म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते, ते सांतियागो रामोन इ काहाल लहानपणी भलतेच वांड होते. वयाच्या ११ व्या वर्षी या पोराने घरी तोफ बनवली आणि शेजाऱ्याचे फाटक उडवले. त्यापायी काही दिवस कोठडीत काढावे लागले.

१८५२ साली स्पेनमधल्या एका खेड्यात त्यांचा जन्म झाला. वडील शल्यवैद्य, अतिशय कडक. मुलाला चित्रकार व्हायचे होते आणि वडिलांच्या लेखी ते भिकेचे डोहाळे! त्यांनी त्याला न्हाव्याकडे ठेवले, चांभाराकडे ठेवले, शेवटी स्मशानात नेले. जुन्या कबरींतली हाडे आणून बापलेक अभ्यासू लागले. ती कागदावर उतरवता उतरवता पोरगा शरीररचनेच्या प्रेमात पडला. वडिलांना डॉक्टर मिळाला, पण मुलाची पेन्सिल काही सुटली नाही.

१८७३ मध्ये पदवी घेऊन काहाल लष्करी डॉक्टर म्हणून क्युबाला गेले आणि हिवतापाने खंगून परतले. साठवलेल्या पैशांतून त्यांनी सूक्ष्मदर्शक घेतला. पुढे व्हॅलेन्सियात प्राध्यापकी मिळाली. पगार बेताचा, घरात मुलेबाळे. म्हणून खासगी शिकवण्या. मी स्वतः वैद्यकीय महाविद्यालयात मज्जासंस्था शिकवली आहे. पगार आणि प्रयोगशाळा यांचा मेळ बसवताना शिक्षकाची काय तारांबळ उडते, हे मला कोणी सांगायला नको. काहाल यांना पहिला उत्तम सूक्ष्मदर्शक मिळाला तो १८८५ च्या पटकीच्या साथीतल्या कामाबद्दल, बक्षीस म्हणून.

१८८७ मध्ये माद्रिदला लुईस सिमारो यांनी त्यांना काही काचपट्ट्या दाखवल्या. इटलीच्या कामिल्लो गॉल्जी यांनी १८७३ मध्ये शोधलेल्या रीतीने त्या रंगवल्या होत्या. पोटॅशियम डायक्रोमेट आणि सिल्व्हर नायट्रेट वापरले की हजारो पेशींतल्या मोजक्याच काळ्याभोर होतात, बाकीच्या पुसट राहतात. घनदाट रानातले एकच झाड शेंड्यापासून मुळापर्यंत दिसावे, तसे. रीत लहरी होती, म्हणून लोकांनी ती सोडली होती. काहाल यांनी ती दोनदा वापरली. शिवाय प्रौढ मेंदूऐवजी पक्ष्यांचे गर्भ आणि नवजात पिल्ले घेतली, कारण तिथे तंतूंवर अजून चरबीचे वेष्टण चढलेले नसते.

तेव्हा बहुतेकांची समजूत अशी, की मेंदू म्हणजे एकमेकांत मिसळलेल्या तंतूंचे अखंड जाळे. काहाल यांना दिसले ते वेगळेच. प्रत्येक पेशी स्वतंत्र. तिच्या फांद्या शेजारणीपर्यंत पोहोचतात, पण तिच्यात मिसळत नाहीत. हे १८८८ चे, बार्सिलोनातले काम. छापणार कोण? त्यांनी स्वखर्चाने त्रैमासिक काढले, ६० प्रती छापल्या आणि परदेशी विद्वानांना पाठवल्या. पण स्पॅनिश वाचतो कोण? मायबोलीत शास्त्र लिहिणाऱ्या आपल्या लोकांना ही व्यथा नवी नाही.

मग १८८९ मध्ये गृहस्थ काचपट्ट्या घेऊन थेट बर्लिनच्या परिषदेत गेले. मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये बोलत विद्वानांना सूक्ष्मदर्शकापाशी बोलावू लागले. ७२ वर्षांचे आल्बर्ट फॉन क्योलिकर वाकले, पाहिले आणि त्यांची खात्री पटली. पुढे काहाल यांचे लेखन वाचण्यासाठी हा म्हातारा स्पॅनिश शिकला! मला तर नोबेलपेक्षा हा मान मोठा वाटतो.

नोबेलही आले, १९०६ मध्ये, गॉल्जींबरोबर विभागून. गंमत म्हणजे गॉल्जी अखेरपर्यंत जाळेवालेच. त्यांनी पारितोषिकाच्या भाषणातच काहाल यांच्या सिद्धान्तावर टीका केली. दोन पेशींमधली फट इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने १९५० च्या दशकात स्पष्ट दाखवली, तेव्हा दोघेही हयात नव्हते.

काहाल १८९२ पासून माद्रिदला होते. मंत्रिपद चालून आले, ते त्यांनी नाकारले. पीओ देल रिओ ओर्तेगा, फर्नांदो दे कास्त्रो असे शिष्य त्यांच्या हाताखाली तयार झाले. १९२२ मध्ये, ७० व्या वर्षी ते निवृत्त झाले. लिहिणे चालूच राहिले. १७ ऑक्टोबर १९३४ रोजी ते गेले. दोनच वर्षांत यादवी युद्ध पेटले आणि शिष्यांची पांगापांग झाली. रिओ ओर्तेगा देशोधडीला लागून १९४५ मध्ये ब्यूनॉस आयरिसला वारले. दे कास्त्रो माद्रिदमध्येच राहिले. गुरूंची हजारो रेखाचित्रेही तिथेच राहिली. त्यांतली काही आजच्या पाठ्यपुस्तकांत अजून जशीच्या तशी छापतात.