शिट्टीवाला मास्तर

फुटबॉलच्या सामन्यात मैदानावरच्या बावीस जणांची नावे प्रेक्षकांना पाठ असतात. तेविसावा माणूस मात्र बिननावाचा. त्याचे नाव कुणी विचारलेच, तर ते बहुधा शिवी देण्यापुरते. सर स्टॅन्ले राउस हे या तेविसाव्यांपैकीच एक. आज शिट्टी घेऊन मैदानावर उतरणारा जगातला प्रत्येक पंच त्यांनी आखून दिलेल्या वाटेने धावतो.

आमचे शिराळे नागपंचमीसाठी ओळखले जाते. खेळ म्हटला की इथे आधी आठवते ती कुस्ती, मग कबड्डी. फुटबॉल ही कोल्हापूरची मिरास. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा या तालमींची नावे फुटबॉलच्या संघांना मिळालेली पाहिली की नवख्याला गंमत वाटते. शाहू स्टेडियमवरचे सामने पाहून आलेली आमच्याकडची एक-दोन पोरे अलीकडे विचारू लागली आहेत, खेळाडू नाही होता आले तर पंच होता येईल का? घरचे म्हणतात, शिव्या खायला कशाला जायचे? या पोरांना मी राउसमास्तरांची गोष्ट सांगतो. सगळी सांगतो, गोड तेवढीच नाही.

राउस यांचा जन्म २५ एप्रिल १८९५ चा, इंग्लंडमधल्या सफक परगण्यातल्या मटफर्ड या खेड्यात. ते गोलरक्षक होते, आणि मनगट मोडल्यामुळे त्यांचे खेळणे संपले. गोलरक्षकाचे मनगट गेले म्हणजे पैलवानाचा गुडघा गेल्यासारखेच. पण मैदान सुटेना, म्हणून त्यांनी शिट्टी हाती घेतली. पहिल्या महायुद्धात ते तोफखान्यात होते. परत आल्यावर एक्झेटरच्या सेंट ल्यूक्स कॉलेजात शिकून वॉटफर्ड ग्रामर स्कूलमध्ये क्रीडाशिक्षक झाले. आठवडाभर शाळा आणि शनिवारी पंचगिरी. १९२७ साली अँटवर्पला बेल्जियम आणि हॉलंड यांच्यातला सामना त्यांच्याकडे आला. असे तीसहून अधिक आंतरराष्ट्रीय सामने त्यांनी चालवले, तेही मास्तरकी सांभाळून.

इंग्लंडात एफ. ए. कपचा अंतिम सामना म्हणजे सणच. २८ एप्रिल १९३४ रोजी वेम्ब्लीवर नव्वद हजारांवर माणसे लोटली होती. मँचेस्टर सिटीने पोर्ट्समथला २-१ असे हरवले. राउस यांनी शेवटची शिट्टी फुंकली आणि सिटीचा वीस वर्षांचा गोलरक्षक फ्रँक स्विफ्ट ताण असह्य होऊन गोलापाशीच बेशुद्ध पडला. दुसऱ्याच दिवशी राउस बेल्जियमला एका सामन्यासाठी गेले आणि तिथेच त्यांनी पंचगिरी थांबवली. त्याच वर्षी ते इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेचे सचिव झाले. वय एकोणचाळीस.

आता जरा बारकाव्यात शिरतो, कारण राउस यांची खरी कमाई इथे आहे. एक चौकोनी शेत डोळ्यांसमोर आणा. राखणदार एक आणि हुंदडणारी गुरे बावीस. राखणदार मधोमध उभा राहिला तर कडेचे दिसत नाही, एका कडेला गेला तर दुसरी सुटते. राउस यांनी पंचाला कर्णावरून पळवले. एका कोपऱ्याकडून समोरच्या तिरक्या कोपऱ्याकडे, आणि परत. या वाटेने जे दोन कोपरे दूर राहतात, तिथे दोन लाइन्समन, प्रत्येकाकडे कडेची अर्धी-अर्धी रेघ. त्यामुळे चेंडू बहुतेक वेळ पंच आणि लाइन्समन यांच्या मध्ये राहतो आणि खेळ दोन बाजूंनी पाहिला जातो. ऐकायला किती साधे! पण तोवर प्रत्येक पंच आपापल्या अंदाजाने धावत होता. ही पद्धत सर्वत्र रुळली ती राउस यांच्यामुळे.

दुसरे काम नियमांचे. फुटबॉलचे नियम वर्षानुवर्षे ठिगळे लावल्यासारखे वाढत गेले होते. जुन्या वाड्याला खोल्या काढत जाव्यात आणि शेवटी स्वयंपाकघरातून गोठ्यात जायला माजघर ओलांडावे लागावे, तशी गत. १९३८ मध्ये राउस यांनी ते सगळे उलगडून सोप्या भाषेत पुन्हा लिहिले आणि सतरा कलमांत बसवले. नंतर मजकूर अनेकदा बदलला, पण आजही कलमे सतराच आहेत. मला यात मास्तरच दिसतो. पोराला कळले नाही तर चूक पोराची नव्हे, लिहिणाऱ्याची, हे कळायला वर्गात उभे राहिलेले असावे लागते.

नियम ठाऊक असणे म्हणजे काय, हे आमच्या भागाला वेगळे सांगायला नको. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक जिंकले. तिथे एक कुस्ती संपताच त्यांना लगेच दुसरीला उभे केले गेले. दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्धा तास विश्रांती मिळायला हवी होती, पण ते ठणकावून सांगायला त्यांच्या बाजूचा एकही अधिकारी हजर नव्हता. नियम कागदावर होता, तो बोलणारे तोंड नव्हते. हीच चुटपुट आमच्याकडचे जुने कुस्तीशौकीन अजून बोलून दाखवतात.

राउस मात्र चढतच गेले. १९४९ मध्ये त्यांना ‘सर’ किताब मिळाला. १९६१ मध्ये ते फिफाचे, म्हणजे साऱ्या जगाच्या फुटबॉलचे अध्यक्ष झाले. पिवळे आणि लाल कार्ड त्यांच्याच कारकिर्दीत, १९७० च्या मेक्सिको विश्वचषकात आले. कल्पना केन ॲस्टन यांची. तेही इंग्लिश पंच आणि तेही शाळामास्तर! रस्त्यावरचे सिग्नल पाहून त्यांना ती सुचली.

आता न आवडणारा भाग. दक्षिण आफ्रिकेत तेव्हा वर्णभेदाची राजवट होती आणि तिथल्या फुटबॉल संघटनेत काळ्या खेळाडूंना गोऱ्यांबरोबर स्थान नव्हते. फिफाने १९६१ मध्ये या संघटनेला निलंबित केले. १९६३ मध्ये राउस स्वतः तिकडे जाऊन आले, आणि निलंबन उठले. खेळात राजकारण नको, ही त्यांची भूमिका. १९६४ च्या टोकियोच्या अधिवेशनात आफ्रिकी आणि आशियाई देशांच्या मतांनी निलंबन पुन्हा लादले गेले. १९६६ च्या विश्वचषकासाठी आफ्रिकेला हक्काची एक जागासुद्धा नव्हती. आफ्रिकी देशांनी पात्रता फेरीवरच बहिष्कार टाकला. १९७३ मध्ये चिलीत लष्करी उठाव झाला. सान्तियागोच्या ज्या स्टेडियममध्ये कैदी डांबले होते, तिथे खेळायला सोव्हिएत संघाने नकार दिला. फिफाने सामना हलवला नाही. चिलीच्या खेळाडूंनी समोर कोणी नसताना चेंडू रिकाम्या गोलात ढकलला.

राउस लबाड होते असे मला वाटत नाही. मैदानावरची रेघ जितकी सरळ, तितकेच जग सरळ आहे, असे त्यांनी धरले. एका संघाला मैदानात पाऊलच टाकू दिलेले नाही, हेही पंचाने पाहायचे असते. कर्णावरून धावायला शिकवणाऱ्या माणसाने इथे जागा बदलून पाहिले नाही. १९७४ मध्ये फ्रँकफर्टला ब्राझीलचे जुआव आव्हेलांज यांनी त्यांचा पराभव केला, तो बऱ्याच अंशी आफ्रिकेतली मते गोळा करून. दक्षिण आफ्रिकेला १९७६ मध्ये फिफातून काढून टाकण्यात आले.

परीक्षेचे विचारणाऱ्या पोरांना मी एवढेच सांगतो, की सतरा कलमे पाठ करा आणि पळायला लागा. आंतरराष्ट्रीय पंचाच्या चाचणीत चाळीस मीटरच्या सहा वेगवान धावा असतात. त्यानंतर पंचाहत्तर मीटर पळणे, पंचवीस मीटर चालणे, असे चाळीस वेळा. जिल्ह्यातल्या सामन्याला एवढे लागत नाही, पण दम लागलेल्या माणसाला ऑफसाइड दिसत नाही हे गावातल्या मैदानावरही खरेच.

२२ जून १९८६ रोजी मेक्सिकोत इंग्लंडविरुद्ध मॅराडोनाने हाताने गोल केला. ट्युनिशियाचे पंच अली बेन्नासर आणि बल्गेरियाचे लाइन्समन बोग्दान दोचेव्ह या दोघांपैकी कोणीही हँडबॉल दिला नाही, आणि गोल मान्य झाला. त्यानंतर महिन्याच्या आतच, १८ जुलै १९८६ रोजी, एक्क्याण्णव वर्षांचे राउस गेले.