न उठण्याचा गुन्हा

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र लिहून द्या, असे चिटणीसबाईंनी मला सुचविले. माझे शिक्षण सातवीपर्यंतच. पण मार्टिन ल्यूथर किंग यांच्याविषयी मिळेल ते मी आवडीने वाचीत आले आहे. त्यांचे मोर्चे व भाषणे पुष्कळांना ठाऊक आहेत. मी सांगणार आहे ती एका दुकानातून न उठल्याबद्दल त्यांना झालेल्या अटकेची हकिगत.

किंग यांचा जन्म १५ जानेवारी १९२९ रोजी अमेरिकेत, जॉर्जिया राज्यातील अटलांटा शहरी झाला. वडील धर्मोपदेशक होते. गुलामगिरी १८६५ सालीच संपली होती. तरी दक्षिणेत काळ्या लोकांच्या शाळा निराळ्या, पाण्याचे नळही निराळे. १९५३ साली कोरेटाबाईंशी त्यांचा विवाह झाला. दोनच वर्षांनी माँटगोमेरी शहरात काळ्या लोकांनी भेदभाव करणाऱ्या बसगाड्यांवर बहिष्कार घातला, त्याचे पुढारीपण किंग यांच्याकडे आले. ३८१ दिवस लोक पायी हिंडले आणि अखेर जिंकले. १९५९ साली ही पतिपत्नी गांधीजींचा देश पाहण्यास आली, तेव्हा मुंबईत मणिभवनात उतरली होती.

अटलांटात रिचेस नावाचे मोठे दुकान होते. काळ्या बायकांनी तेथे कपडे घ्यावेत, उधारीचे खातेही ठेवावे; परंतु दुकानातल्या उपाहारगृहात गोऱ्यांच्या पंगतीस बसू नये, असा रिवाज होता. पैसा चालत होता, माणूस चालत नव्हते. १९६० साली विद्यार्थी अशा ठिकाणी शांतपणे जाऊन बसू लागले. तेव्हा जॉर्जिया सरकारने कायदा केला, की मालकाने सांगूनही जो जागा सोडणार नाही तो अतिक्रमणाचा गुन्हेगार. त्यात रंगाचा उल्लेखही करावा लागला नाही!

१९ ऑक्टोबर १९६० रोजी किंग विद्यार्थ्यांसमवेत रिचेसमध्ये गेले. उठण्यास सांगितले, ते उठले नाहीत. पन्नासएक जणांना अटक झाली. किंग यांनी जामीन देण्याचे नाकारले. पुढे विद्यार्थी सुटले, पण किंग अडकले. गाडी चालविण्याचा परवाना जुन्या राज्याचाच ठेवला, म्हणून त्यांना पूर्वी पंचवीस डॉलर दंड व वर्षभर चांगल्या वर्तणुकीची अट झाली होती. ती मोडली असे ठरवून न्यायाधीशांनी चार महिने सक्तमजुरी दिली. रात्रीच त्यांना बेड्या घालून दूरच्या तुरुंगात नेले.

घरी कोरेटाबाईंच्या पदरी दोन लहान मुले आणि तिसऱ्या खेपेचे दिवस. त्या माउलीने ते दिवस कसे काढले असतील, हे आपण बायकाच जाणू शकू. अध्यक्षपदाचे उमेदवार केनेडी यांनी त्यांना फोन करून धीर दिला. त्यांच्या बंधूंनी न्यायाधीशांशी बोलणे केले, आणि २७ ऑक्टोबरला किंग जामिनावर सुटले.

पुढच्याच वर्षी रिचेसचे उपाहारगृह सर्वांस खुले झाले. १९६४ साली देशभर कायदा झाला, आणि अशा जागी नुसते बसल्याबद्दलचे जे अतिक्रमणाचे खटले तोवर चालू होते, ते वरिष्ठ न्यायालयाने रद्द ठरविले. त्याच वर्षी किंग यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. ४ एप्रिल १९६८ रोजी मेंफिस येथे त्यांची हत्या झाली. वय अवघे एकोणचाळीस. शहराचा कचरा उचलणाऱ्या कामगारांच्या संपास पाठिंबा देण्यासाठी ते तेथे गेले होते.

आपल्या घटनेने १९५० सालीच दुकाने व उपाहारगृहे सर्वांस मोकळी केली. पण भगिनींनो, घराच्या उंबऱ्याच्या आत घटना कोण पाळणार? कामाला येणाऱ्या बाईचा कप अजून कित्येक घरी खिडकीत निराळा असतो. तिच्या हातची भांडी आपल्याला चालतात, मग तिचा कप आपल्या कपांत का चालू नये? माझी मंडळाला एक विनंती आहे. यंदाच्या वर्धापनदिनाच्या पंगतीस आपली गल्ली झाडणाऱ्या व घरकाम करणाऱ्या बायकांना रीतसर बोलावणे करावे, आणि त्यांची पाने मागाहून न मांडता आपल्याच ओळीत मांडावीत. वाढायला मी उभी राहीन.