आयझाया माँटगोमेरी : गाव राखले, मत गमावले

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांस मुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केला, हे सर्वश्रुत आहे. त्या मुक्त झालेल्या लोकांतील एका कर्त्या पुरुषाचे चरित्र आपल्या ज्ञातिबांधवांनी मनन करण्याजोगे आहे.

आयझाया माँटगोमेरी यांचा जन्म १८४७ साली मिसिसिपी राज्यात, जोसेफ डेव्हिस या धनाढ्य मळेवाल्याच्या पदरी असलेल्या गुलाम कुटुंबात झाला. पिता बेंजामिन बुद्धिमान व व्यवहारदक्ष होते. मुलास अक्षरओळख होताच तो धन्याच्या कचेरीत लेखनिकाचे काम करू लागला. यादवी युद्धानंतर, १८६६ साली, डेव्हिस यांनी आपले कापसाचे मळे तीन लक्ष डॉलरांस, उधारीवर, बेंजामिन यांनाच विकले. कालचा गुलाम मालक झाला! परंतु पूर आले, कापसाचे भाव उतरले, हप्ते थकले आणि जमीन पुन्हा डेव्हिस घराण्याकडे गेली.

या आघाताने आयझाया खचले नाहीत. १८८७ साली आपले आप्त बेंजामिन ग्रीन यांच्यासह त्यांनी रेल्वेमार्गालगतचे घनदाट, दलदलीचे अरण्य तोडून माउंड बायू हे केवळ कृष्णवर्णीयांचे गाव वसविले. तेथे कापूस पिकू लागला. शाळा, प्रार्थनामंदिरे, दुकाने उभी राहिली आणि १९०४ साली स्वतःची पेढीही निघाली.

तथापि त्यांच्या जीवनातील एक प्रसंग विसरता येत नाही. १८९० साली राज्याची नवी घटना करणाऱ्या परिषदेत ते एकटेच कृष्णवर्णीय प्रतिनिधी होते. मतदारास घटनेचे कलम वाचता यावे अथवा ऐकून त्याचा अर्थ सांगता यावा आणि त्याने वार्षिक दोन डॉलर डोईपट्टी भरावी, अशा अटी पुढे आल्या. कृष्णवर्णीयांचा मताधिकार हिरावून घेणे हाच त्यांचा हेतू होता. आयझाया यांनी त्यांस संमती दिली. गोरे निर्धास्त झाले की अत्याचार थांबतील, अशी त्यांची आशा होती. ती फोल ठरली. फ्रेडरिक डग्लस यांनी त्यांच्यावर जाहीर टीका केली.

१९२४ साली आयझाया निवर्तले. गमावलेला मताधिकार त्यांच्या बांधवांस खऱ्या अर्थाने परत मिळाला तो १९६५ च्या कायद्याने, म्हणजे पाऊणशे वर्षांनी. माउंड बायू गाव मात्र आजही नांदते आहे.

त्यांच्या उद्योगशीलतेस आपण वंदन करावे. पण आपल्या अंगणाच्या रक्षणासाठी सर्वांचा हक्क सोडून देण्यापूर्वी पुढच्या पिढ्यांचा विचार करावा, हाही बोध घ्यावा.