पंडिता रमाबाई आणि रोजच्या व्यवहारातला न्याय

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहून द्यावे, असे कार्यवाहबाईंनी मला सुचविले. जिजाऊ, अहल्याबाई, सावित्रीबाई यांच्यावर आपल्या भगिनींनी आजवर पुष्कळ लिहिले आहे. मी पंडिता रमाबाईंना निवडले. याची कारणे दोन. आज गावोगावी जी महिला मंडळे दिसतात त्यांची एक थोरली बहीण, पुण्याचा आर्य महिला समाज, रमाबाईंनी १८८२ साली काढला, हे पहिले कारण. दुसरे कारण माझे स्वतःचे आहे. मी कॅथॉलिक घरात वाढले. दुसऱ्याला जे हक्काने द्यायचे ते दया म्हणून देऊ नये, ही शिकवण आमच्याकडे लहानपणापासून कानावर पडते. ऐकायला ती सोपी आहे; पण संसारात पडल्यावर ती पाळायची कशी, याचा विचार करू लागले की मला रमाबाईंचे आयुष्य आठवते. रमाबाई कॅथॉलिक नव्हत्या हे आधीच सांगते. इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला तो अँग्लिकन पंथात, आणि पुढे त्यांनी कोणत्याही पंथाच्या अधिकाऱ्यांपुढे आपली सदसद्विवेकबुद्धी गहाण टाकली नाही.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतल्या गंगामूळ येथे, आजच्या कर्नाटकात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. त्यांची आणि रमाबाईंच्या आईची सोयरीक गोदावरीच्या काठी जमली. यात्रेला निघालेल्या एका गृहस्थाने स्नानाला आलेले शास्त्रीबुवा पाहिले, चौकशी केली, आणि आपली नऊ वर्षांची मुलगी त्या प्रौढ विधुराला देऊन टाकली. गोदाकाठच्या आपल्याला या गोष्टीचे नवल वाटायला नको. असे विवाह त्या काळी सर्रास होत. नवल पुढेच आहे. शास्त्रीबुवांनी या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकविले. बायकांना देवभाषा शिकविल्याबद्दल त्यांना उडुपीच्या पंडितांपुढे जाब द्यावा लागला. त्यांनी शास्त्राचे आधार दाखवून तो दिला, आणि रानात जाऊन आश्रम थाटला. तिथे लक्ष्मीबाईंनी घरचे सगळे काम सांभाळून धाकट्या रमेला पहाटे जवळ घेऊन श्लोक पाठ करून घेतले.

पुढे आश्रम मोडला आणि हे कुटुंब तीर्थे हिंडत पुराणे सांगू लागले. १८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला. होते नव्हते ते दानधर्मात आणि पोटात गेले. हे लोक विद्वान होते, पण अंगमेहनतीचे एकही काम त्यांना येत नव्हते, आणि भीक मागायला मन धजत नव्हते. काही दिवस रानातल्या पाल्यावर काढले. आधी वडील गेले, थोड्याच दिवसांनी आई गेली, मागोमाग थोरली बहीणही गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास उरले. दोघे पायी शेकडो कोस हिंडले. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला, ज्यांच्या आई-सासवांनी रोजगार हमीच्या कामावर खडी फोडली, त्यांना दुष्काळ म्हणजे काय हे मी सांगायला नको. मला एवढेच सुचवायचे आहे की, पुढे रमाबाईंनी आपल्या आश्रमातल्या प्रत्येक मुलीच्या हाताला काम शिकविण्याचा जो हट्ट धरला त्याचे मूळ या दिवसांत असावे.

१८७८ साली भावंडे कलकत्त्यास पोहोचली. वीस वर्षांच्या मुलीच्या तोंडून अस्खलित संस्कृत ऐकून तिथल्या विद्वानांनी तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. दोन वर्षांत भाऊ वारला. त्यानंतर रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी, जात वेगळी असताना, १८८० साली नोंदणी विवाह केला. १८८१ साली मनोरमेचा जन्म झाला आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने नवरा गेला. वय २३, कडेवर मूल, माहेर नाही, सासर नाही.

अशा स्थितीत त्या पुण्यास आल्या. न्यायमूर्ती रानडे आणि त्यांच्या मंडळींनी आधार दिला. आर्य महिला समाज निघाला तो याच वर्षी. गावोगावी फिरून रमाबाईंनी त्याच्या शाखा काढल्या. त्याच वर्षी शिक्षणाची चौकशी करणारे हंटर कमिशन पुण्यास आले. त्याच्यापुढे साक्ष देताना त्यांनी मुलींसाठी स्त्री-शिक्षिका आणि आजारी बायकांसाठी स्त्री-डॉक्टर यांची मागणी केली. पुरुष डॉक्टरला दुखणे सांगायला लाजणाऱ्या बायका त्या काळी घरच्या घरी मरत. रमाबाईंनी हा बायकांचा हक्क म्हणून सरकारदरबारी मांडला, उपकाराची याचना केली नाही.

१८८३ साली, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक विकून आलेल्या पैशांच्या आधाराने, त्या इंग्लंडला गेल्या. डॉक्टर व्हायचे होते, पण ऐकू कमी येऊ लागल्यामुळे ते राहून गेले. वाँटेज येथील जोगिणींच्या मठात त्या राहिल्या. या जोगिणी लंडनमध्ये समाजाने टाकलेल्या बायकांना घर देत, त्यांची सेवा करीत, त्यांना कोणी हीन लेखत नसे. हे पाहून रमाबाईंच्या मनावर फार परिणाम झाला. त्याच वर्षी त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. पण गुरुजनांची प्रत्येक आज्ञा मानायची, हे त्यांना पटले नाही. चेल्टनहॅमला शिकत असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना संस्कृत शिकवू नये, असे बिशप मंडळींनी ठरविले, तेव्हा त्यांनी स्पष्ट विरोध केला. शाकाहारही सोडला नाही. ज्यांनी आसरा दिला त्यांचे ऋण मानायचे, पण आसऱ्याची किंमत म्हणून स्वतःचे मत द्यायचे नाही, हे त्यांनी शेवटपर्यंत पाळले.

१८८६ साली डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत लिहिलेले पुस्तक १८८७ साली तिथे निघाले. गावोगाव व्याख्याने देऊन त्यांनी पैसा उभा केला, आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस विधवांसाठी शारदा सदन उघडले. पुढच्याच वर्षी ते पुण्यास आणले. तिथल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. त्यांच्याशीच १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी पुनर्विवाह केला. केशवपन झालेल्या, घरात कोनाड्यापलीकडे जागा नसलेल्या मुली इथे खुर्चीवर बसून शिकू लागल्या.

मग १८९३ चे वादळ आले. त्याविषयी मी मोकळेपणाने लिहिते, कारण आपल्या मंडळात सर्व धर्मांच्या भगिनी आहेत. सदनात धर्माची सक्ती नसेल, असे वचन रमाबाईंनी दिले होते. मुलींना आपले सोवळे-ओवळे पाळण्याची मोकळीक होती. पण रमाबाईंच्या स्वतःच्या प्रार्थनेच्या वेळी दार उघडे असे आणि काही मुली तिथे जाऊन बसू लागल्या. पालकांना वाटले, आपला विश्वासघात झाला. रमाबाईंना वाटले, जी मुलगी आपल्या पायाने येते तिला हाकलून देणे हीच सक्ती होईल. रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखी हितचिंतक माणसे सल्लागार मंडळातून बाहेर पडली आणि पुष्कळ मुली घरी नेल्या गेल्या. मला स्वतःला पालकांची काळजी खोटी वाटत नाही. आश्रितांवर आश्रयदात्याचा प्रभाव पडतोच. मात्र त्या साऱ्या वादात एका गोष्टीकडे फार थोड्यांचे लक्ष गेले, ती म्हणजे त्या मुलींना काय वाटते हे कोणी विचारले का?

१८९६-९७ साली मध्य प्रांतात मोठा दुष्काळ पडला. रमाबाईंना आपले बालपण आठवले. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारे ३०० मुली व बायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेग होता, नव्या माणसांना शहरात ठेवायला अधिकारी तयार नव्हते. तेव्हा पुणे-सोलापूर लोहमार्गावर केडगाव येथे घेतलेल्या माळरानावर त्यांना उतरविले. तेच मुक्ती सदन. शारदा सदन उच्चवर्णीय विधवांसाठी निघाले होते. मुक्तीचे दार कोणत्याही जातीच्या बाईला उघडे झाले. १९०० साली गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा तिथली वस्ती दीड-दोन हजारांच्या घरात गेली. अशी वस्ती आपल्या भागालाही नवीन नव्हती. जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी दलित समाजातून आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांसाठी बेथेल हे गाव त्याआधीच वसविले होते.

प्लेगच्या त्या १८९७ सालात सरकारी इस्पितळात आणि छावणीत बायकांच्या अब्रूची काळजी घेतली जात नाही, असे रमाबाईंनी वर्तमानपत्रात उघड लिहिले. मुंबईच्या गव्हर्नरांना ते खपले नाही. राज्यकर्ते ख्रिस्ती, आपणही ख्रिस्ती, म्हणून गप्प बसावे असे बाईंना वाटले नाही.

मुक्तीत विहिरी खणल्या, शेती केली. विणकाम, शिवणकाम, तेलाचा घाणा, दूधदुभते, छापखाना, सगळे बायकांनी चालविले. अंध मुलींसाठी वेगळे सदन काढले. मनोरमाबाई ब्रेल लिपी शिकून आल्या आणि ती त्यांनी तिथे शिकविली. समाजाने टाकलेल्या बायकांसाठी कृपा सदन निघाले. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून रमाबाईंनी बायबलचे मराठी भाषांतर केले, आणि त्याचे खिळे जुळविले ते दुष्काळातून आलेल्या बायकांच्या हातांनी. १९२१ साली मनोरमाबाई वारल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावी रमाबाईंनी देह ठेवला.

शारदा सदन पुण्यात नुकतेच स्थिरावत होते त्याच सुमारास, १८९१ च्या मे महिन्यात, रोमला पोप तेरावे लिओ यांनी मजुरांच्या प्रश्नावर ‘रेरुम नोव्हारुम’ हे पत्रक काढले. कॅथॉलिकांच्या सामाजिक शिकवणीचा पाया त्यात आहे. श्रम ही बाजारातली वस्तू नव्हे; मजुरी इतकी असावी की कष्टकऱ्याचे घर चालेल; कष्टाचा पैसा अडकवून ठेवणे हे मोठे पाप आहे; आणि कष्टकऱ्यांना आपले संघ काढण्याचा हक्क आहे, असा त्याचा सारांश. त्या पत्रकाचा आणि रमाबाईंचा काही संबंध नव्हता. पण दोन्हीकडे गरिबाला मान देण्याची रीत एकच आहे, असे मला दिसते. रमाबाईंनी बाईला नुसते जेवण वाढून सोडले नाही. उद्या हे घर सोडून जावेसे वाटले तर जाता यावे, इतके बळ तिच्या हातात दिले.

आता आपल्या दारापाशी पाहू. खुरपणीला आणि कापूस वेचायला बायका जातात. गड्याची हजेरी एक आणि बाईची कमी, हे कितीतरी ठिकाणी अजून चालते. समान कामाला समान मोबदला हा कायदा १९७६ सालीच झाला आहे. आपल्या जिल्ह्यातून दर दिवाळीनंतर जोडपी ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात आणि उचल बहुधा नवऱ्याच्या हातात पडते. तिने तोडलेल्या आणि डोक्यावरून वाहिलेल्या उसाचा हिशेब वेगळा होत नाही. आणि आपल्या घरी धुणे-भांड्याला येणारी बाई? संक्रांतीला तिला आपण आनंदाने लुगडे देतो, सणाचे गोडधोड देतो. ते द्यावेच. पण दुखणे आले तर खाडे कापतो, आणि पगार महिन्याच्या दहा तारखेवर ढकलतो. लुगडे ही आपली माया झाली. पगार तिचा आहे. मायेने पगाराची भरपाई होत नाही.

सातबारावर घरच्या लक्ष्मीचे नाव लागते का, मुलीच्या शिक्षणाचे पैसे तिच्या हुंड्याच्या नावाखाली बाजूला पडतात का, सुनेच्या पगारातला एक रुपया तरी तिला न विचारता खर्चता येतो का, हेही प्रश्न याच जातीचे आहेत. ते सोडवायला कमिशनची गरज नाही. ते आपल्या स्वयंपाकघरात आणि ओसरीवर सुटतात.

म्हणून माझी मंडळाला एक लहानशी विनंती आहे. उन्हाळ्यात आपण पापड-कुरडयांचे काम काढतो तेव्हा बाहेरून ज्या गरजू भगिनी कामाला येतात, त्यांचा दर आधी सर्वांसमक्ष ठरवावा, त्या दिवसाचा पैसा त्याच दिवशी त्यांच्याच हातात द्यावा, आणि दर ठरविणाऱ्या बैठकीत त्यांच्यापैकी दोघींना बसवावे. १८८२ साली पुण्यात रमाबाईंनी बायकांना एकत्र बसवून बोलते केले. आपल्या बैठकीत आजवर जिला बोलावणे गेले नव्हते ती बोलू लागली, तर वर्धापनदिन चांगला साजरा झाला असे मी समजेन. इतके लिहून हा लेख पुरा करते.