ट्रिस स्पीकर

ट्रिस्ट्राम स्पीकर तथा ट्रिस स्पीकर (४ एप्रिल, १८८८:हबर्ड, टेक्सास, अमेरिका - ८ डिसेंबर, १९५८:लेक व्हिटनी, टेक्सास) हे अमेरिकन बेसबॉलपटू, व्यवस्थापक आणि प्रशिक्षक होते. सेंटर फील्ड या जागेवरील सर्वोत्कृष्ट क्षेत्ररक्षकांमध्ये त्यांची गणना होते.

कारकीर्द

लहानपणी घोड्यावरून पडून उजवा हात मोडल्यामुळे स्पीकर डाव्या हाताने चेंडू फेकण्यास शिकले. १९०७ साली ते बोस्टन संघाकडून प्रथम खेळले. तेथे ज्येष्ठ गोलंदाज साय यंग सरावात त्यांच्यासाठी चेंडू उंच टोलवत असत. बॅटवरून चेंडू सुटताक्षणी त्याची दिशा व अंतर हेरण्याची कला त्यांनी या सरावातून आत्मसात केली. त्याकाळी चेंडू फार दूर जात नसे. त्यामुळे स्पीकर इनफील्डच्या अगदी जवळ उभे राहत आणि डोक्यावरून जाणाऱ्या चेंडूसाठी वेळीच वळून मागे धावत.

बोस्टनने १९१२ आणि १९१५ साली वर्ल्ड सिरीज जिंकली. १९१६ साली स्पीकर क्लीव्हलंड संघात गेले. त्यांच्या व्यवस्थापनाखाली १९२० साली क्लीव्हलंडने प्रथमच वर्ल्ड सिरीज जिंकली. १९१९ मधील एका सामन्याच्या निकालनिश्चितीचा आरोप झाल्याने १९२६ साली त्यांनी व्यवस्थापकपद सोडले. आयुक्त लँडिस यांनी १९२७ साली त्यांना निर्दोष ठरवले. १९२८ साली ते निवृत्त झाले.

प्रशिक्षण

१९४७ साली लॅरी डोबी हे अमेरिकन लीगमधील पहिले कृष्णवर्णीय खेळाडू ठरले. मूळचे सेकंड बेसमन असलेल्या डोबी यांना क्लीव्हलंड संघात ती जागा मोकळी नव्हती, तसेच काही सहकाऱ्यांनी त्यांच्याशी हस्तांदोलनही टाळले होते. १९४८ च्या सराव शिबिरात स्पीकर यांनी त्यांना आउटफील्डचे शिक्षण दिले. त्याच हंगामात डोबी सेंटर फील्डवर स्थिरावले आणि क्लीव्हलंडने पुन्हा वर्ल्ड सिरीज जिंकली.

विक्रम आणि सन्मान

स्पीकर यांची फलंदाजीची सरासरी ०.३४५ होती. ७९२ डबल्सचा त्यांचा विक्रम अबाधित आहे. आउटफील्डमधून अचूक फेक करून धावपटू बाद करण्यास सर्वाधिक वेळा साहाय्य करण्याचा विक्रमही त्यांच्याच नावावर आहे. १९३७ साली त्यांची बेसबॉल हॉल ऑफ फेममध्ये निवड झाली. डोबी यांना हा सन्मान १९९८ साली मिळाला.