निःस्पृह न्यायमूर्ती रामशास्त्री प्रभुणे

सचोटीने वागून संसार चालतो का, हा प्रश्न गावोगाव विचारला जातो. मापात मारणारा माडी चढवितो आणि चोख माप देणारा जुन्याच कौलांखाली राहतो, असे दृश्य दिसले की भल्याभल्यांचे मन डळमळते. अशा वेळी पेशवाईतील थोर न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांचे चरित्र आठवावे.

रामशास्त्री मूळचे साताऱ्याजवळील माहुलीचे. पितृछत्र लहानपणीच हरपले. साताऱ्यास एका सावकाराच्या घरी पडेल ते काम करून ते राहिले. तेथे झालेला अपमान जिव्हारी लागला आणि विद्येसाठी त्यांनी काशीची वाट धरली, असे सांगतात. काशीहून शास्त्री होऊन परतल्यावर ते पुण्यास पेशव्यांच्या पदरी लागले व पुढे मुख्य न्यायाधीश झाले.

अधिकार मोठा, पण राहणी साधी. दिवसाला पुरेल त्याहून जास्त शिधा ते घरात ठेवीत नसत. एकदा त्यांच्या पत्नी वाड्यात गेल्या असता पेशव्यांच्या घरच्या मंडळींनी त्यांना भरजरी वस्त्रे व दागिने घालून पालखीतून घरी पाठविले. शास्त्रीबुवांनी दार लावून घेतले. ही बाई शास्त्र्याच्या घरची नव्हे, भोई घर चुकले असावेत, असे त्यांनी आतून सांगितले. बाईंनी दागिने परत केले, तेव्हाच दार उघडले. ही कथा परंपरेने चालत आली आहे. दक्षिणेच्या वेळी स्वतःच्या भावाला त्याच्या विद्येपेक्षा जास्त रक्कम मिळू लागली, तेव्हाही त्यांनी ती रोखली असे सांगतात. भावाला द्यायचेच तर ते आपल्या पदरचे द्यावे, सरकारी खजिन्यातून नव्हे, असा त्यांचा नियम होता.

धन्यालाही ते चुकले तर सांगत. थोरले माधवराव पेशवे जपजाप्यात फार वेळ घालवू लागले, तेव्हा शास्त्रीबुवांनी काशीस जाण्याची रजा मागितली. राज्याची जबाबदारी घेतली असेल तर रयतेचे काम आधी, नाहीतर दोघांनीही गंगेकाठी जाऊन बसावे, असे त्यांनी सुनावले. माधवरावांनी ते मानले.

खरी कसोटी पुढे लागली. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी तरुण पेशवे नारायणराव यांचा खून केला. चुलते रघुनाथराव गादीवर आले. पुण्यात सर्वांची तोंडे बंद होती. शास्त्रीबुवांनी चौकशी केली आणि खुद्द रघुनाथरावांना दोषी ठरवून या पापाला देहान्त प्रायश्चित्तच आहे, असे तोंडावर सांगितले. मग पद सोडून ते वाईकडे निघून गेले. मान गेला, पगार गेला. त्या दिवशी हिशेब मांडला असता तर सचोटी तोट्यातच दिसली असती.

पण खाते तेथे बंद झाले नाही. काही महिन्यांतच बारभाईंनी रघुनाथरावांविरुद्ध कारस्थान उभे केले. ते इंग्रजांच्या आश्रयाला गेले. १७७४ च्या डिसेंबरअखेर इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला जिंकला आणि मार्च १७७५ च्या सुरतेच्या तहात रघुनाथरावांनी साष्टी व वसई त्यांना देण्याचे कबूल केले. १७८२ च्या सालबाईच्या तहानंतरही साष्टी इंग्रजांकडेच राहिली. कोलशेत, बाळकुम, ढोकाळी ही खाडीकाठची गावे त्याच साष्टीतली. पुण्याच्या वाड्यातील पापाची किंमत अशी आपल्या खाडीपर्यंत पोचली. चिमाजीअप्पांच्या फौजांनी १७३७ मध्ये पोर्तुगीजांकडून घेतलेले ठाणे चाळीस वर्षेही टिकले नाही. रघुनाथराव १७८३ मध्ये कोपरगावी निवर्तले. त्यांना पेशवाई पुन्हा मिळाली नाही.

रामशास्त्र्यांना मात्र पुण्याच्या कारभाऱ्यांनी मानाने परत बोलावून न्यायासनावर बसविले. १७८९ मध्ये ते वारले. त्यांनी मागे धन ठेवले नाही, पण आजही निःपक्ष न्याय म्हटला की रामशास्त्री बाणा असेच लोक म्हणतात.

तेव्हा सचोटीचे फळ रोकडीत मिळेलच असे नाही, आणि मिळाले तर उशिरा मिळते. पण ज्याच्या शब्दावर गाव डोळे मिटून विश्वास ठेवते, त्याच्याच हाती गाव आपली ठेव देते. देवाच्या कामाची पावती असो की दुकानातला तराजू, दोन्हीकडे हाच विश्वास चालतो. तो जपणाऱ्याची पुण्याई पिढ्यान्‌पिढ्या पुरते.